चक्कर येते म्हणून खाट धरू नका



आमच्या वस्तीतील एक मावशी चार घरची धुणीभांडी करीत. एके सकाळी उठताच त्यांना घर गरगर फिरताना दिसले, उलट्या झाल्या. आठवड्याने गरगर ओसरली, पण मान वळविली की झोक जाई. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचे आहे, लिंबू उतरवा. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरात हे बोलले गेले, याचे आम्हाला फार वाईट वाटले. अखेर कानाच्या डॉक्टरांना दाखविले, तेव्हा दोष आतल्या कानाचा निघाला. तोवर मावशींनी आठ महिने खाट धरली होती आणि चारही घरची कामे सुटली होती.

आतल्या कानात तीन अर्धगोल नळ्या असतात. डोके कुठे वळले ते त्या मेंदूला कळवितात. एका कानाला इजा झाली की दोन्हीकडचे निरोप जुळत नाहीत. इजा पुष्कळदा भरून येत नाही, पण मेंदू नव्या हिशेबाला सरावतो. मात्र डोके हलले तरच! १९४० च्या दशकात इंग्लंडमधील कॉथॉर्न व कूक्सी या डॉक्टरांनी पाहिले की हिंडते-फिरते रुग्ण लवकर बरे होतात. त्यावरून त्यांनी व्यायाम बसविले. ते आजही शिकवितात, आणि त्यांना खर्च काही नाही.

आधी डॉक्टरांकडून निदान करून घ्यावे. मग बसून, डोके स्थिर ठेवून, नजर वर-खाली व डावी-उजवीकडे फिरवावी. हातभर अंतरावर बोट धरून ते नाकाजवळ आणावे, नजर बोटावरून हलू देऊ नये. पुढे डोके हलवावे, प्रथम सावकाश, नंतर भरभर, शेवटी डोळे मिटून. जमू लागले की बसल्याचे उभे राहावे, मोज्याचा चेंडू करून डोळ्यांच्या वरून या हातातून त्या हातात टाकावा, मग घरात चालावे. भिंत जवळ असावी आणि घरचे कोणी शेजारी. दिवसातून दोन-तीन वेळा थोडा वेळ पुरे. सुरुवातीला चक्कर थोडी वाढते, येथेच बरेच जण सोडून देतात. फार मळमळले तर वेग कमी करावा. गुण यायला काही आठवडे लागतात.

चक्कर दाबणाऱ्या गोळ्या पहिल्या काही दिवसांपुरत्या ठीक. महिनोन्‌महिने घेतल्या तर मेंदूचे सरावणेच लांबते. मावशी आठही महिने त्याच घेत होत्या.

कूस बदलताना क्षणभरच गरगरत असेल तर आजार वेगळा. डॉक्टर डोके ठराविक रीतीने वळवितात आणि तो बहुधा एक-दोन खेपांत थांबतो. चकरेबरोबर बोबडी वळली, हातपाय लुळा पडला, एकाचे दोन दिसले किंवा अचानक ऐकू येईनासे झाले, तर व्यायाम नको, तडक इस्पितळ गाठावे.

आणखी एक. क्षयरोगावर पूर्वी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने सर्रास देत. त्याने काहींच्या दोन्ही कानांचा तोल जाई. असा माणूस अंधारात अडखळतो आणि लोक त्याला दारुडा ठरवितात. आपल्या वस्त्यांतही अशी वडीलधारी माणसे असतील. त्यांना व्यायामाने पूर्ण नाही, पण काही गुण येतो. रात्री मोरीच्या वाटेवर एक दिवा लावून ठेवावा.

मावशी आता दोन घरची कामे करतात. माळ्यावरचा डबा मात्र अजून मुलगाच काढून देतो.