नकाशावरची आमची खूण आम्हीच लावू!

शिरोळ तालुका नद्यांच्या काठचा. नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा मिळतात. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत इथली गावेच्या गावे पाण्याने वेढली. अशा वेळी मोबाइलवर नकाशा उघडला की देऊळ, बँक, साखर कारखाना दिसतो. आमची वस्ती, समाजमंदिर, उंचावर जाणारी वाट मात्र बहुधा दिसत नाही. दिसलीच तर जातीच्या नावाने!

डिसेंबर 2020 मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचे ठरवले. कागद बदलला, पण नकाशा बदलला का?

नकाशा तटस्थ असतो हा भ्रम आधी सोडूया. कोणीतरी खूण लावतो, म्हणून ती दिसते. मग आपण का लावू नये? 2004 साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर कोणालाही भर घालता येते. आपल्या तरुणांनी साधे अ‍ॅप केले, तर त्याच नकाशावर आपल्या खुणांचा वेगळा थर चढवता येतो. एका खुणेला लागते काय? अक्षांश, रेखांश, नाव आणि चिन्ह.

मात्र काम चोख हवे. जिओजेसन फाइलमध्ये रेखांश आधी येतो, गूगलच्या नकाशात अक्षांश आधी. अदलाबदल झाली तर शिरोळची खूण थेट नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात पडते! नकाशा लहान केल्यावर जवळच्या खुणा एका गोळ्यात विलीन होतात. निवारा आणि नावेची जागा त्यात हरवू देऊ नका. पुरात नेटवर्क जाते, म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवलेला हवा.

काही सहकारी विचारतात, वस्ती दाखवणे म्हणजे हल्लेखोराला पत्ता देणे नव्हे का? शंका रास्त आहे. म्हणून आमचा नियम स्पष्ट आहे : खूण सार्वजनिक जागेची, घराची नाही. व्यक्तीचे नाव नाही, फोन नाही, जात तर नाहीच. पण भीतीपोटी अदृश्य राहिलो, तर मदतीची नावही आम्हाला शोधू शकणार नाही.

सार्वजनिक पाणवठ्यांचा हक्क 1923 च्या बोले ठरावाने कागदावर आला होता. चवदार तळ्यावर तो प्रत्यक्षात आला 20 मार्च 1927 रोजी, बाबासाहेबांसोबत माणसे चालत गेली तेव्हा. समतानगर हे नावही शासन निर्णयातून नकाशावर आपोआप येणार नाही. पुढच्या पावसाळ्याआधी प्रत्येक गावातून दोघांनी फोन घेऊन वस्ती पायी फिरावी, ज्येष्ठांना पाणी कुठवर आले होते ते विचारावे आणि खूण लावावी.

जय भीम!