परड्यातील चार वाफे

“जमीन वाटणीत गेली, उरली ती विकली, आता कसली शेती!” असे आमच्या बेळगाव-खानापूर भागात घरोघरी ऐकू येते. म्हणणाऱ्याच्या घरामागे जाऊन पाहावे, तर वीस बाय तीस फुटांचे परडे तसेच पडलेले. अर्ध्यावर फरशी, कोपऱ्यात मोडकी सायकल, आणि घरची बाई मेथीच्या जुडीसाठी पिशवी घेऊन बाजाराला निघालेली. दारातल्या क्रोटनच्या कुंड्यांना आमचा विरोध नाही. परड्यातल्या फरशीला मात्र आहे.

वीस बाय तीस म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून थोडे जास्त. एवढ्या जागेत सगळेच लावण्याचा हव्यास नको, असे आमचे मत आहे. बटाटा, कांदा, कोबी बाजारातून आणावा. घरी लावावे ते रोज चिमूटभर लागणारे आणि तोडल्याबरोबर सुकणारे: तांबडी भाजी, पालक, मेथी, कोथिंबीर, चार मिरच्या, एक कढीपत्ता. वाफा चार फुटांहून रुंद नसावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो व माती तुडवली जात नाही. सगळे बी एकाच दिवशी टाकू नये. दर दहा-बारा दिवसांनी हातभर पट्टा पेरला तर ताटात भाजी खंडत नाही.

आमच्याकडे खरा घोळ पावसाचा. जून ते ऑगस्ट सपाट वाफ्यात पालेभाजी कुजते. त्या दिवसांत मांडवावर दोडका, कारले चढवावे, आणि पालेभाजी ८ सप्टेंबरच्या मारियामातेच्या जन्मोत्सवानंतर वीतभर उंच वाफ्यावर घ्यावी. मांडव परड्याच्या उत्तरेच्या कडेला असावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, दक्षिणेला मांडव घातला तर वाफे सावलीत जातात. घराच्या सावलीत आले, हळद येते. भांडी व तांदूळ धुतलेले पाणी केळीला आणि अळवाला द्यावे, धुण्याच्या पावडरीचे नको. आणखी एक चूक पाहतो. आजोबांनी फणस लावला तो पाच एकरांत. नातवाने तोच अर्ध्या गुंठ्यात लावला. दहा वर्षांनी त्याखाली गवतही उगवत नाही.

हा केवळ चार पैसे वाचवण्याचा प्रश्न नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर शंभर भारतीय स्त्रियांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. आमच्या घरांत भाजी पुरी पडली नाही की शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात भात आणि आमटीच उरते, हे आपण सर्व जाणतो. पाला खाऊन मोठा रक्तक्षय बरा होत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्याव्याच. परंतु शेवग्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी आठवड्यातून दोन-तीनदा व्हावी, वर लिंबू पिळावे, आणि जेवणाला लागूनच चहा घेऊ नये. लिंबाने लोह अंगी लागते, चहाने अडते. उपवासकाळात शुक्रवारी मांस नाही म्हणून बटाट्यावर भागवणाऱ्या घरांत त्याच दिवसांत शेवग्याला शेंगा लटकलेल्या असतात!

कोंबड्या वाफे उकरतात, हे गाऱ्हाणे खरे आहे. काटेरी झुडपांचे कुंपण घालावे, नाहीतर कोंबड्या कोंडाव्यात. दोन्ही नको असेल तर आमच्यापाशी तिसरा उपाय नाही.

शेवगा फांदीपासून येतो. मनगटाएवढी जाड, तीन-चार हात लांब फांदी मे-अखेरीस लावली की पहिल्या पावसात फुटते. बुंध्याशी पाणी मात्र साचू देऊ नये. ज्यांच्याकडे झाड आहे त्यांनी यंदा छाटणीच्या फांद्या चुलीत घालू नयेत. नाहीतरी ते लाकूड धड जळत नाही. रविवारी मिस्सेला येताना आणून चर्चच्या व्हरांड्यात ठेवाव्यात. ज्याला हवी तो घेऊन जाईल.