कॅलेंडरच्या समासांतील भाकितें

आमच्या घरांत जुनीं कॅलेंडरें टाकून देण्याची पद्धत नाहीं. वहिनींच्या मतें त्यांच्यावर दुधाचे खाडे, गॅसची टाकी आल्याची तारीख, कोणाचा वाढदिवस, कोणाचें श्राद्ध, असा घराचा सारा इतिहास असतो. आणि इतिहास कोणी रद्दीवाल्याला किलोच्या भावानें विकीत नाहीं. गेल्या महिन्यांत माळा आवरतांना २०१४ सालचें कालनिर्णय हातीं लागलें. ऑक्टोबरचें पान उलटून पाहतों, तों पाठीमागील लेखाच्या समासांत वरपासून खालपर्यंत निळ्या शाईंत एक यादी लिहिलेली. मथळा, ‘कोण जिंकणार?’ खालीं चौघांचीं भाकितें, आणि तळाशीं पैजेची अट: हरणाऱ्यांनीं मिळून जिंकणाऱ्यास एक किलो जिलेबी द्यावी.

तो महिनाच भाकितांचा होता. १५ ऑक्टोबरला विधानसभेचें मतदान, १९ला मोजणी आणि २३ला लक्ष्मीपूजन. कोणाचें सरकार येणार हें सांगूं न शकणारा मनुष्य त्या पंधरवड्यांत अख्ख्या नाशकांत शोधून सापडला नसता. अशा धामधुमींत १२ ऑक्टोबरला, रविवारीं, कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर इंडियन सुपर लीग या नव्या व्यावसायिक फुटबॉल स्पर्धेचा पहिला सामना झाला. कोलकाता, मुंबई, पुणें, गोवा, केरळ, चेन्नई, दिल्ली आणि ईशान्य भारत असे आठ संघ. त्यांच्या मालकांत सिनेमांतले नट आणि क्रिकेटमधले नायक. आणि प्रत्येक संघाला एकेक ‘मार्की’ खेळाडू, म्हणजे ज्याच्या नांवावर तिकिटें खपावींत असा परदेशांतला बडा पाहुणा.

नाशिकला संघ नव्हता. संघ नसलेल्या गांवाच्या लोकांनीं खरें म्हणजे निःपक्षपाती असावें. पण आमच्या घराच्या फांद्या मुंबई-पुण्याकडे गेलेल्या, आणि मूळ पाहूं गेल्यास कुलदैवत गोव्याचें. तेव्हां पक्ष ठरावयास फारसा वेळ लागला नाहीं. थोरल्या बंधूंनीं, म्हणजे दादांनीं, गोव्याचें नांव घातलें. कुलदैवत हें एक कारण. दुसरें म्हणजे गोव्याचा प्रशिक्षक झिको. १९८६ सालच्या विश्वचषकांत ब्राझील आणि फ्रान्स यांचा सामना दादांनीं शेजाऱ्यांच्या कृष्णधवल टीव्हीवर पाहिला होता. त्यांत झिकोची पेनल्टी हुकली होती, आणि ज्याचें दुःख आपण पाहिलें त्याच्याविषयीं मनुष्याला कायमचा जिव्हाळा वाटतो, हें दादांकडे पाहून मला कळलें. शिवाय गोव्याकडे रॉबर पिरेस होता. मीं मुंबई लिहिली, कारण मुंबईकडे निकोला अनेल्का व फ्रेडी ल्युंगबर्ग हे दोघे होते आणि मला दोन ही संख्या एकापेक्षां मोठी वाटली. पुण्यांत नोकरीस असलेल्या थोरल्या पुतण्यानें दूरध्वनीवरून डाव्हिद त्रेझेगे हें नांव सांगितलें. तें यादींत दोनदां खोडून तिसऱ्यांदां लिहिलेलें आहे. वहिनींनीं भाजी निवडतांना मान वर न करितां “कोलकाता” असें सांगितलें. कारण विचारतां म्हणाल्या, “तो सौरव गांगुली त्यांचा मालक आहे ना? तेवढाच एक ओळखीचा चेहरा दिसतो त्यांत.” त्यावर आम्हीं पुरुषमंडळींनीं जें हंसून घेतलें त्याची भरपाई अद्याप व्हावयाची आहे.

आतां हीं भाकितें निकालाशीं ताडून पाहूं.

माझ्या मुंबईनें पहिल्याच सामन्यांत कोलकात्याकडून तीन गोल खाल्ले. मग १८ ऑक्टोबरच्या रात्रीं, मतमोजणीच्या आदल्या दिवशीं, नव्या मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर मुंबईनें पुण्याचा ५-० असा फडशा पाडला. ब्राझीलच्या आंद्रे मोरित्झनें तीन गोल केले. त्या स्पर्धेंतील ती पहिली हॅटट्रिक. आमच्या दिवाणखान्यांत मी उभा राहून टाळ्या वाजविल्या आणि पुण्याला फोन लावला. गंमत अशी कीं, ज्या अनेल्काच्या भरंवशावर मीं पैज मारली होती तो त्या दिवशीं मैदानांत नव्हताच. इंग्लंडमधील बंदीची उरलेली शिक्षा तो भोगीत होता. मुंबईनें साखळींतील १४ सामन्यांत एकूण १२ गोल केले. त्यांतले पांच एकाच रात्रींचे! उरलेल्या १३ सामन्यांना मिळून सात. ज्या रात्रीं मीं माझें भाकित खरें ठरल्याचा डंका पिटला, त्या रात्रींच त्या संघाची हंगामाची पुंजी बहुतेक खर्च होऊन गेली होती. मुंबई सातवी आली. पुणें सहावें. त्रेझेगेचे गोल दोन, अनेल्काचेही दोन, दिल्लीच्या देल पिएरोचा एक.

म्हणजे नांवें सर्वस्वीं खोटीं होतीं असेंही नाहीं. चेन्नईचा ब्राझिलियन एलानो यानें आठ गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळविला, आणि त्याचा संघ साखळींत पहिला आला. पण एलानो तेहतीस वर्षांचा होता. आमच्या यादींतला त्रेझेगे त्याच महिन्यांत ३७ पुरे करणारा आणि पिरेस ४१. स्थळ पाहतांना वय विचारल्याशिवाय पुढें न जाणारे आम्ही लोक, या पाहुण्यांचीं वयें मात्र कोणीच विचारलीं नव्हतीं.

दादांच्या गोव्याची कथा अधिक करुण आहे. पहिला सामना घरच्या फातोर्डा मैदानावर चेन्नईकडून १-२ असा गमावूनही तो संघ साखळींत दुसरा आला. २१ गोल केले, १२च स्वीकारले. आठांत इतका चांगला हिशेब दुसऱ्या कोणाचाच नव्हता. उपांत्य फेरींत कोलकात्याशीं दोन सामने. पहिला ०-० आणि दुसरा, १७ डिसेंबरचा, जादा वेळ धरूनही ०-०. दोनशें दहा मिनिटांत एकही गोल न खाणारा संघ शेवटीं पेनल्टींवर २-४ असा बाद झाला. दादा उठून देवघरांत जाऊन बसले. १९८६ची आठवण त्यांना झाली असावी. आम्हीं विचारलें नाहीं. (पुढच्याच वर्षीं याच फातोर्डावर अंतिम सामन्यांत गोवा ९०व्या मिनिटापर्यंत २-१ असा पुढें होता आणि ३-२ असा हरला. त्या विषयावर आमच्या घरांत बोलत नाहींत.)

साखळींतील पहिले दोन्ही संघ अशा रीतीनें घरीं गेले, आणि २० डिसेंबरला अंतिम सामना झाला तो तिसऱ्या व चौथ्या क्रमांकांचा, कोलकाता विरुद्ध केरळ. हा केरळचा संघ मला फार विचार करावयास लावतो. चौदा सामन्यांत त्यांचे गोल फक्त नऊ. आठ संघांत सर्वांत कमी. पण त्यांच्यावर झालेले गोलही अकराच, तेही सर्वांत कमी. गोलांत चव्वेचाळीस वर्षांचा डेव्हिड जेम्स, तोच प्रशिक्षकही. आणि त्याच्यापुढें बचावाला उभा राहिलेल्यांत चंदीगडचा एकवीस वर्षांचा संदेश झिंगन, जो त्या स्पर्धेंतला उत्कृष्ट उदयोन्मुख खेळाडू ठरला. अंतिम सामना ०-० असाच पेनल्टींकडे चालला असतां, जादा मिळालेल्या पांचव्या मिनिटाला कोलकात्याच्या महंमद रफीकनें डोक्यानें चेंडू जाळ्यांत घातला आणि कोलकाता विजेता झालें.

आणि आतां तक्ता मांडून बसल्यावर जें दिसतें तें असें. विजेत्या कोलकात्यानें साखळींत सामने किती जिंकले? चार. माझ्या सातव्या आलेल्या मुंबईनें किती जिंकले? चारच. पुण्यानें चार, दिल्लीनें चार. कोलकाता फक्त हरलें कमी आणि बरोबरींत सुटलें जास्त. सात सामने त्यांनीं बरोबरींत सोडविले. पहिल्या व आठव्या संघांत अंतर केवळ आठ गुणांचें, २३ आणि १५. इतक्या बारीक धाग्यावर चाललेल्या हंगामाचें भाकित आम्हीं जाहिरातींतल्या जाड अक्षरांवरून केलें होतें. नियम असा होता कीं, मैदानावरील अकरांत निदान पांच खेळाडू भारतीय असलेच पाहिजेत. जवळजवळ अर्धा संघ! त्या अर्ध्या संघाकडे आमच्यापैकीं कोणीं पाहिलेंच नाहीं. समासांत नांवें सहा आहेत. त्यांत भारतीय एकच, आणि तोही क्रिकेट खेळणारा. रफीक, झिंगन हीं नांवें १२ ऑक्टोबरला आमच्या घरांत कोणीं उच्चारलीं असतीं तर शेजारच्या गल्लींतलीं मुलें वाटलीं असतीं.

येथपर्यंत मी हें सारें बऱ्याच मजेंत लिहून काढीत होतों. मग यादीच्या अक्षराकडे लक्ष गेलें. अक्षर ना माझें, ना दादांचें. उजवीकडे किंचित कललेलें, ‘ल’ची गांठ मोठी काढणारें तें अक्षर धाकट्या पुतण्याचें. त्या वेळीं तो महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षांत होता. आम्हीं सांगत गेलों, त्यानें लिहून घेतलें, त्रेझेगेचें नांव तीनदां सुधारलें तेंही त्यानेंच, कारण त्या नांवाचा उच्चार घरांत त्याला एकट्यालाच ठाऊक होता. त्याचें स्वतःचें भाकित यादींत नाहीं. कोणीं विचारलेंच नव्हतें.

आणि आमच्या घरांत फुटबॉल खेळणारा तेवढाच एक होता! महाविद्यालयाच्या संघांत तो डाव्या बाजूचा बचाव करीत असे. ५-० च्या त्या रात्रीं तो उशिरा घरीं आला, घोट्याला ओला फडका गुंडाळून. मी टाळ्या वाजवीत असतांना तो मागच्या दारानें आंत गेला आणि वहिनींनीं त्याला हळद-तुरटीचा लेप घातला, हें मला वहिनींनीं परवां सांगितलें. त्याच दिवशीं दुपारीं त्याचा सामना होता. घरापासून मैदान दोन किलोमीटरही नसेल. कोलकाता, कोची, फातोर्डा येथले सामने आम्हीं एकूण एक पाहिले. त्या दोन वर्षांत त्याच्या सामन्याला आमच्यापैकीं कोणी एकदांही गेलें नाहीं. अभ्यासाचें वर्ष आहे, हें आतां पुरे, असें मात्र मी आणि दादा आळीपाळीनें म्हणत राहिलों. तिसऱ्या वर्षीं त्यानें बूट काढून ठेवले. आज तो एका कारखान्यांत हिशेब पाहतो.

परवां जेवतांना मीं तें पान त्याच्यापुढें ठेविलें. पुष्कळ वेळ वाचीत राहिला. मग म्हणाला, “काका, पुणें गेलं बघा.” खरेंच आहे. पुण्याचा तो संघ २०१८ सालीं एकदां उपांत्य फेरीपर्यंत पोहोंचला आणि २०१९ सालीं बंद झाला. उलट माझ्या मुंबईनें २०२१ सालीं साखळी आणि अंतिम सामना दोन्ही जिंकले. म्हणजे माझें भाकित सात वर्षांनीं कां होईना खरें झालें, असें मीं म्हणतांच दादांनीं माझ्याकडे पाहिलें आणि मी आमटी वाढून घेतली.

“तूं त्या वेळीं कोणाचं नांव घातलं असतंस?” मीं विचारलें.

“केरळचं,” तो म्हणाला. “त्यांचा बचाव चांगला असणार असं सराव पाहून बोलत होते सगळे.”

“मग बोलला कां नाहींस?”

तो हंसला आणि ताकाची वाटी पुढें केली. उत्तर वहिनींनीं दिलें. “भावोजी, लिहिणाऱ्याला कोण विचारतं? मला तरी दोघांनीं हंसण्यावारी नेलंत. आणि माझी जिलेबी कुठं आहे?”

त्या बोलण्यांतून आणखी एक गोष्ट बाहेर पडली, जी वहिनींखेरीज घरांत कोणालाच ठाऊक नव्हती. गेलीं दोन वर्षें दर रविवारीं सकाळीं तो वस्तींतल्या वीस-बावीस मुलांना फुटबॉल शिकवितो. आम्हांला वाटे, फिरावयास जातो. मुलांत तीन मुली आहेत, आणि बूट निम्म्याजणांनाच आहेत. येत्या रविवारीं त्यांचा दुसऱ्या वस्तीच्या मुलांशीं सामना आहे. कोण जिंकेल, असें दादांनीं विचारलें तेव्हां तो म्हणाला, “तें नाहीं सांगतां यायचं, बाबा. गोलकीपरला ताप आहे.”

सामना सकाळीं साडेसातला आहे. दादांनीं आपला स्वेटर उन्हांत घालावयास सांगितला आहे, आणि जिलेबीचें दुकान मैदानाच्या वाटेवरच लागतें.