फॅन फिरेना, काटा उतरेना

सिग्नलला गाडी उभी. एसी गार हवा देता देता अचानक कोमट होतो. टेंपरेचरचा काटा आपली मधली हक्काची जागा सोडून वर सरकायला लागतो. सिग्नल सुटतो, गाडी पळायला लागते आणि काटा शहाण्या बाळासारखा खाली! असं झालं की मंडळी, पहिला संशय रेडिएटरच्या फॅनवर घ्यायचा. (हल्ली बऱ्याच गाड्यांत काटाच नसतो, थेट लाल दिवा लागतो. तिथे कोमट एसी हीच पहिली सूचना समजा.)

कारण साधं आहे. एक्स्प्रेस वेवर समोरून येणारा वाराच रेडिएटर गार ठेवतो, फॅनला फारसं काम नसतं. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये किंवा घाटात ट्रकच्या मागे रांगताना तो वारा कुठून येणार? जुन्या अँबेसेडरचा फॅन इंजिनच्याच पट्ट्यावर फिरायचा. इंजिन चालू म्हणजे फॅन चालू. आपल्या छोट्या गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं, त्यामुळे फॅन विजेवर आला. आणि वीज आली म्हणजे फ्यूज, रिले, सेन्सर, कनेक्टर अशी अख्खी वरात आली! त्यातलं कुणीही रुसलं तरी फॅन ढिम्म. गॅरेजमधलं निदान मात्र ठरलेलं, ‘मॅडम, मोटर गेली.’

माझं म्हणणं एवढंच की मोटरचा नंबर सगळ्यांत शेवटी लावा.

आधी कूलंट बघा, तेही इंजिन पूर्ण गार असताना. पातळी फार उतरली तर सेन्सर कूलंटऐवजी हवेत लटकतो. इंजिन तापलंय हे त्याला कळतच नाही, मग फॅनला निरोप कोण देणार?

कूलंट ठीक असेल तर इंजिन चालू करा, एसी लावा आणि दोनेक मिनिटं कान देऊन ऐका. बहुतेक गाड्यांत एसी लागला की इंजिन गार असलं तरी फॅन फिरतो. फिरला? म्हणजे मोटर जिवंत आहे, संशय सेन्सरवर किंवा त्याच्या वायरवर. (दोन फॅनवाली गाडी असेल तर दोन्ही बघायचे.) नाही फिरला तरी लगेच मोटरला फाशी नको. एसीतला गॅस संपला असेल तरी फॅन लागत नाही.

आता बोनेटखालचा काळा डबा. किल्ली काढून घ्या आणि गळ्यातलं कंपनीचं आयकार्ड, ओढणी, टाय सगळं आवरा, कारण काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही फॅन स्वतःहून सुरू होतो. डब्याच्या झाकणावर सहसा नकाशा असतो. फॅनचा फ्यूज उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा लावा. मोठा लावलात तर फ्यूज वाचेल, वायर जळेल. नवाही लगेच उडाला तर मात्र कुठेतरी शॉर्ट आहे किंवा मोटर खरंच जाम आहे. रिलेची गंमत अशी, की हॉर्नचा रिले बरेचदा हुबेहूब तोच असतो. नंबर आणि पाय जुळत असतील तर अदलाबदल करून बघा.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीला गॅरेजवाल्याने अख्ख्या फॅन असेंब्लीचं हजारोंचं एस्टिमेट दिलं होतं. मी सोबत होते. म्हटलं, “दादा, आधी मोटरला बॅटरीवरून डायरेक्ट १२ व्होल्ट देऊन दाखवा ना.” त्यांनी तोंड वाकडं करत दोन वायरी लावल्या. फॅन गर्रकन फिरला! दोष रिलेचा निघाला, काही शेकड्यांत काम झालं. ही टेस्ट दोन मिनिटांची आहे. आपल्यासमोर करून मागायला लाजायचं कशाला?

आणि ‘फॅन डायरेक्ट करून देतो’ हा आपला राष्ट्रीय जुगाड! म्हणजे सेन्सर, रिले बाद. किल्ली फिरवली की फॅन चालू. रात्री घरी पोचायला ठीक आहे. पण तीच गाडी पुढे वर्षभर चालवायची म्हणजे मोटर विनाकारण झिजणार, आणि वायर हलक्या दर्जाची असली तर आगीलाच आमंत्रण.

रस्त्यातच काटा चढायला लागला तर? एसी बंद, हीटर फुल्ल, ब्लोअर फुल्ल, काचा खाली. मे महिन्यात हे करताना शेजारचा गाडीवाला वेड्यात काढेल, काढू दे! हीटर इंजिनचीच उष्णता आत ओढतो, तेवढंच इंजिन हलकं होतं. काटा लालमध्ये गेला की मात्र ‘घर पाच मिनिटांवर आहे’ हा विचार सोडायचा. गाडी कडेला, इंजिन बंद. ॲल्युमिनियमचं हेड वाकलं किंवा हेड गॅस्केट गेलं तर फॅनचं बिल किरकोळ वाटेल. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडायचं नाही म्हणजे नाही. आतलं कूलंट दाबाखाली १०० अंशांच्या वर असूनही उकळलेलं नसतं. झाकण फिरवलंत की दाब सुटतो आणि ते उसळून थेट तोंडावर येतं. आणि तापल्या इंजिनवर बिसलेरी ओतायला निघालेल्या मदतनीस काकांनाही नम्रपणे थांबवा. निदान अर्धा-पाऊण तास काही करू नका. तोवर टोइंगला फोन करून ठेवा.