लाजणारे गिऱ्हाईक

दारू चांगली की वाईट, या वादात मला पडायचे नाही. तो वाद आपल्याकडे पुष्कळ झाला आहे, आणि त्यात भाग घेणाऱ्यांपैकी निम्मे कधी प्यालेले नसतात व उरलेले निम्मे घरी सांगून प्यालेले नसतात. मला बोलायचे आहे ते गिऱ्हाइकाविषयी. संध्याकाळी तास-दीड तास बसून, दोन घोट घेऊन, चार घास खाऊन, रोख पैसे मोजून उठणाऱ्या माणसाला या महाराष्ट्रात जी वागणूक मिळते, ती भाजीच्या दुकानातल्या गिऱ्हाइकाने एक दिवस सहन केली नसती. लोक यासाठी बारमालकाला शिव्या देतात. माझे म्हणणे असे की, मालकाला ही मुभा आपल्या कायद्याने आणि आपल्या सोवळेपणाने मिळवून दिली आहे.

मुंबई दारूबंदी अधिनियम 1949 सालचा. त्यातल्या काही तरतुदींना सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्ये बलसारा खटल्यात कात्री लावली. पण कायदा टिकला, तो आजही टिकून आहे. मध्यंतरी नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आला, एवढेच. या कायद्याच्या नजरेत पिणारा माणूस मूळचा गुन्हेगार, आणि परवाना ही त्याला दिलेली माफी. पहिल्या कडक वर्षांत प्रकृतीचे कारण दाखवून परवाना मिळवावा लागे. ज्यांना इतके आजारी पडणे जमत नसे ते मुंबईत आंटीच्या अड्ड्यावर जात. पुढे बंधने सैल झाली, गल्लोगल्ली परमिट रूम उघडल्या. परमिट मात्र दारावरच्या पाटीपुरते उरले. एका दिवसाचा, वर्षाचा, तहहयात असे परवान्यांचे प्रकार आहेत म्हणतात. इतक्या वर्षांत मला एकदाही कोणी तो विचारलेला नाही. माझ्या नावाने कोणी परस्पर फाडला असेल तर त्याचे आभार.

आता कोणी म्हणेल, विचारीत नाहीत तर बरेच झाले, तुमचे बिघडले काय? सांगतो.

रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक माझे स्नेही आहेत. एका स्टेशनाजवळच्या परमिट रूममध्ये आम्ही महिन्यातून एकदा बसतो. एके दिवशी त्यांनी खिशातून प्रयोगशाळेतले काचेचे मोजपात्र काढले आणि समोर आलेला 60 मिलिलिटरचा पेग त्यात शांतपणे ओतला. पेग 51 वर थांबला. दुसरा मागवला, तो 52 वर. सात पेगांमागे एक पेग गहाळ, असा हिशोब त्यांनी कागदी रुमालावर मांडला आणि मॅनेजरला बोलावले. मॅनेजर मोठा सभ्य गृहस्थ. त्याने वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. तो म्हणाला, “सर, तक्रार कराच. सरकारी ऑफिस पुलाच्या पलीकडेच आहे. फक्त जाताना परमिट बरोबर असू द्या.”

प्राध्यापकांनी मोजपात्र पुसून खिशात ठेवले.

या एका वाक्यात साऱ्या धंद्याचे मर्म आहे. पेट्रोल पंपावर शंका आली तर 5 लिटरचे माप मागून तपासून घेता येते. वाणी कमी तोलू लागला तर वजनमापे खाते आहे, ग्राहक मंच आहे. पण परमिट रूममध्ये फसलेल्या माणसाला फिर्याद लावण्यापूर्वी स्वतःचा गुन्हा कबूल करावा लागतो. शिवाय ऑफिसात कळेल, सोसायटीत कळेल, सासुरवाडीला कळेल. तो गप्प बसतो. गप्प बसणारे गिऱ्हाईक मिळाल्यावर कुठला व्यापारी माप सुधारील?

याचा परिणाम केवळ खिशावर होत नाही. पेग आतल्या काउंटरवर, नजरेआड भरला जातो. म्हणून मुरलेले गिऱ्हाईक पेग मागवतच नाही. सीलबंद क्वार्टर मागवते. क्वार्टर म्हणजे 180 मिलिलिटर. एकदा झाकण फोडल्यावर ती अर्धी टाकून उठणे मराठी माणसाच्या जिवावर येते. ज्याला 60 पुरले असते तो 180 पिऊन उठतो. दारूबंदीच्या कायद्याने लोकांना जास्त प्यायला शिकवले, हा आरोप मी विनोदाने करीत नाही.

आणि ती खोली! काळी काच, दाराला पडदा, आत भरदुपारी अमावस्या. पदार्थांचे कार्ड मोबाइलच्या उजेडात वाचावे लागते. आत कोण बसले आहे ते बाहेर दिसू नये, ही मालकाची सोय आणि गिऱ्हाइकाचीही. पण अंधारात ग्लासावरचा ठसा दिसत नाही, बिलातली चौथी ओळ दिसत नाही, मोरीची अवस्था दिसत नाही. नाकाला कळते तेवढेच. बाईमाणसाला बसायचे तर माडीवर ‘फॅमिली रूम’, म्हणजे सोबत पुरुष असेल तर. दोन मैत्रिणी कामावरून परतताना बिअर आणि तळलेले बोंबील खायला शिरल्या, तर सगळी खोली माना वळवून बसते. मला येथे एका गोष्टीचे श्रेय दिलेच पाहिजे: स्वयंपाकघर. मंगळूर-उडुपीकडच्या माणसांनी चालवलेल्या कित्येक परमिट रूमांत जी सुरमई मिळते, ती पांढरे टेबलक्लॉथ अंथरलेल्या हॉटेलांत मिळत नाही. काकडी, खारे शेंगदाणे, उकडलेले चणे, वर कांदा-टोमॅटो पेरलेला पापड. आणि तुम्ही गेल्या वेळी काय मागवले होते ते लक्षात ठेवणारा वेटर. हे सगळे इतके चांगले आहे म्हणूनच मला त्या अंधाराचा राग येतो.

हे असेच असायला हवे काय? पलीकडे गोव्यात जा. तिथल्या जुन्या ताव्हेर्नात भरदिवसा दार सताड उघडे असते, रस्त्यावरून जाणारा आतल्याला हाक मारतो, आतला फेणीचा ग्लास हातात धरूनच त्याच्या आईची चौकशी करतो. परवान्याची भानगड नाही. त्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे जी वस्तू आपण पडद्याआड ढकलली असती, ती त्यांनी आपल्या भूमीचे नाव देऊन मिरवली. इंग्लंडात व्हिस्की 25 किंवा 35 मिलिलिटरच्या मापाने, नाही तर त्याच्या पटीत विकावी लागते, आणि त्या दुकानात दोहोंपैकी कोणते माप चालते ते गिऱ्हाइकाला दिसेल असे लिहून लावावे लागते. जॉर्ज ऑरवेलने 1946 मध्ये लंडनच्या एका सायंदैनिकात आपल्या आवडत्या पबचे वर्णन केले होते: रेडिओ नाही, पियानो नाही, निवांत गप्पा होतील इतकी शांतता, मागे बाग, तिथे मुले खेळताहेत. शेवटी त्याने कबूल केले की असा पब अस्तित्वात नाही. पण त्याला अशा जागेची कल्पना करता आली, हेही थोडके नाही.

आमच्या नव्या पिढीने त्यावर उपाय काढला आहे. मुंबई-पुण्यात आता पब आहेत; तिथे अंधाराऐवजी निळे-जांभळे दिवे आणि लाजेऐवजी गोंगाट. शेजारच्याला मीठ मागायचे तर कानाशी तोंड न्यावे लागते. एकटा पुरुष आला तर दारावरचा पहिलवान त्याला परत धाडतो. बिलात सेवाशुल्क आपोआप चढते. ते सक्तीने लावू नये असे केंद्रीय ग्राहक प्राधिकरणाने 2022 मध्ये सांगितले, दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये तेच उचलून धरले; तरी ते काढायला सांगणारा तरुण मित्रांसमोर कंजूष ठरतो. म्हणजे लाज इथेही आहेच, नुसता पोशाख बदलला. डिसेंबर 2017 मध्ये मुंबईच्या कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या अशाच जागांना आग लागून 14 माणसे मेली. बाहेर पडायची वाट कुठे आहे, हे आत शिरताना विचारणारे गिऱ्हाईक आपण घडवलेलेच नाही.

वयाचीही तीच कथा. महाराष्ट्रात बिअरला 21 वर्षे आणि कडक दारूला 25 वर्षे पुरी व्हावी लागतात. जिथे परवाना विचारायचा नसतो, तिथे वयही विचारायचे नसते. एक कलम गंमत म्हणून घ्यायला शिकवले की दुसरेही गमतीचेच होते. मे 2024 मध्ये पुण्यात सतरा वर्षांचा मुलगा आधी पबमध्ये बसला होता आणि मग त्याच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले, तेव्हा काही दिवस सगळीकडे तपासण्या झाल्या.

दारूबंदीवाल्यांचा प्रश्न मी टाळणार नाही. ‘आडव्या बाटली’ला मत देऊन गावातले दुकान बंद पाडणाऱ्या बायकांसमोर हा लेख वाचायची माझी छाती आहे काय? आहे. त्यांनी ज्या दुकानाविरुद्ध मत दिले त्याविरुद्ध मीही दिले असते. नवऱ्याचा पगार गिळून त्याला गटारात टाकणारी जागा बंदच व्हावी. पण चंद्रपुरात 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये उठली. मुंबईत दुकाने भरपूर असतानाही जून 2015 मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरावर गरीब माणसे मेली, कारण त्यांना परवडणारी दारू लपूनच विकली जात होती. लपवण्याची किंमत नेहमी खालच्या पायरीवरचा माणूस देतो. मला फक्त 8-9 मिलिलिटर द्यावे लागले.

तेव्हा माझ्या मागण्या लिहून ठेवतो. परवान्याचे ढोंग कायद्यातून काढा आणि त्या जागी वयाचा दाखला खरोखर तपासा. पेग गिऱ्हाइकाच्या देखत भरा; मापाची पाटी भिंतीवर, देवाच्या फोटोइतक्या उंचीवर लावा. काळी काच काढा. माडीवरची फॅमिली रूम खाली आणा. पाण्याचा जग मागितल्यावर बाटली उघडून ठेवू नका. आणि प्राध्यापकांनी पुन्हा कधी ते मोजपात्र काढले, तर पुलापलीकडच्या ऑफिसात त्यांना आधी तक्रारीचा कागद द्या.