आंबवलेला चहा आणि आमचा गोड चहा

चीनच्या युन्नान प्रांतातील 'पुएर' चहा हल्ली आपल्याकडेही 'चरबी वितळवणारा' म्हणून खपवला जातो. पानांचे ओलसर ढीग रचून बुरशी व जिवाणू यांच्याकरवी तो मुरवतात. आपल्या आसामी काळ्या चहालाही मळेवाले 'आंबवलेला' म्हणतात. वस्तुतः ते पानांतील विकरांमुळे होणारे ऑक्सिडीकरण होय. हा भेद जाहिरातदारांना सोयीचा नसतो.

दावा सर्वस्वी निराधार आहे असे मात्र नव्हे. २०१९ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पुएरमधील थिआब्राउनिन हे द्रव्य आतड्यांतील विशिष्ट जिवाणूंना आवर घालते. परिणामी यकृत अधिक कोलेस्टेरॉल पित्ताम्लांत रूपांतरित करते. तथापि हे प्रयोग प्रामुख्याने उंदरांवरचे; माणसांचा गट अगदी लहान होता. एवढ्या आधारावर महागडी पुडी विकणे हा विज्ञानाचा नव्हे, बाजाराचा न्याय झाला.

आता रोडपालीकडे पाहू. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे-रायगडच्या ९५ गावांबरोबर या गावाचीही शेती गेली. १९८४च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील लढ्यात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. त्यातून मोबदल्याचा प्रश्न पुढे सरकला, परंतु जमिनीबरोबर गेलेल्या अंगमेहनतीचा हिशेब कोणी मांडला नाही. त्या कष्टांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ते अर्धपोटी कष्ट होते. पण त्यांच्या जागी आली ती बैठी नोकरी, रिक्षा आणि पाळ्यांची झोपमोड. शेजारच्या कळंबोलीच्या लोखंड बाजारात तर दोन जेवणांमधली पोकळी टपरीवरचा गोड चहाच भरून काढतो. एका कपात दोन चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर. सहा कपांत ६०. जागतिक आरोग्य संघटनेची कमाल मर्यादा दिवसाला सुमारे ५० ग्रॅमची, आणि शक्यतो त्याच्याही निम्मी. जास्तीच्या साखरेचे यकृतात ट्रायग्लिसराइड होते, आणि वाढलेले ट्रायग्लिसराइड व घटलेले हितकर एचडीएल हेच तर भारतीय रक्ताचे ठळक दुखणे आहे. २०२३च्या आयसीएमआर-इंडियाब अहवालात पोटाचा स्थूलपणा ३९.५ टक्के, तर रक्तमेदातील बिघाड ८१.२ टक्के प्रौढांत आढळला. हा श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही.

आणखी एक गोष्ट. चहा आंबवलेला असो वा साधा, जेवणाबरोबर घेतल्यास तो अन्नातील लोह शरीरात शोषू देत नाही. ज्या देशात ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत, तिथे भरपूर चहा पिण्याचा सल्ला जपूनच द्यावा.

२०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली आणि रोडपाली तिच्या हद्दीत आली. तेव्हा कार्यकर्त्यांनी पुएरची चर्चा दुकानदारांवर सोपवावी आणि पालिकेकडे मागावे ते एवढे : तिशीपुढील प्रत्येकाची रक्तमेद-तपासणी विनामूल्य, स्टॅटिनच्या गोळ्या दवाखान्यात नियमित, आणि आराखड्यातील मैदानाची जागा मैदानालाच.