अंजनीसुताला लोखंडी पाळणा

नाशिककर माणसाला दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक गोदावरीचा आणि दुसरा मारुतीरायाचा. गोदावरी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि मारुती शेजारच्या अंजनेरीवर जन्मला, अशी आपली श्रद्धा. २०२२ साली किष्किंधेच्या बाजूने एक महंत आले आणि हनुमंत आमच्याकडचा म्हणू लागले, तेव्हा आपण केवढे खवळलो! जन्मस्थानाच्या नावासाठी इतके भांडणारे आपण त्या जन्मस्थानाच्या डोंगरासाठी कितीसे भांडणार आहोत, एवढाच माझा प्रश्न आहे.

महाराष्ट्र सरकारने २०१७ साली अंजनेरीचे ५.६९ चौरस किलोमीटर क्षेत्र ‘संवर्धन राखीव’ म्हणून जाहीर केले. हे सरकारचे तुम्हांआम्हांला दिलेले लेखी वचन होय. त्याची शाई वाळते न वाळते तोच, २०२१ साली, डोंगरावर मोटाररस्ता नेण्याची टूम निघाली. निसर्गप्रेमींनी तिच्याविरुद्ध आवाज उठवला. पुढे केंद्राच्या पर्वतमाला योजनेतून अंजनेरी ते ब्रह्मगिरी असा सुमारे ५.७ किलोमीटरचा रोपवे कागदावर उतरला. राखायचे ५.६९ चौरस किलोमीटर आणि ओढायचा दोर ५.७ किलोमीटर! घरमालकाने खोली भाड्याने द्यावी आणि तिच्या मधोमध स्वतःचे धुणे वाळत घालावे, तशातला हा प्रकार.

रोपवेवाले बोलतात मोठे गोड. म्हणतात, “रस्त्याला जमीन लागते, झाडे लागतात. आमचे तसे नाही. चार खांब रोवले की बाकी सारे अधांतरी!” अहो, पण अधांतरीच तर इथला खरा रहिवासी राहतो! अंजनेरीच्या आणि ब्रह्मगिरीच्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत. हा पक्षी कड्याच्या कपारीत घरटे करतो, वर्षाला एकच अंडे घालतो आणि उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेवर पंख पसरून तासन् तास तरंगतो. कड्यासमोरचे आकाश हेच त्याचे अंगण. ढोरांना टोचायच्या डायक्लोफेनॅक या औषधापायी ही जात काही वर्षांत शेकडा पंच्याण्णवांहून अधिक खपली. २००६ साली सरकारने त्या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी घातली, तेव्हा कुठे उरल्यासुरल्यांना श्वास मिळाला. ज्यांना विषातून वाचवले, त्यांच्याच दारात आता तारा बांधायच्या? वर्षाला एक पिलू वाढवणाऱ्या घराला एक अपघातही परवडत नाही.

पक्ष्यांचे राहो, जमिनीकडे पाहू. डोंगरमाथ्यावर काळ्या कातळाचा सडा आहे आणि त्यावर वीतभर माती. पावसाळ्याचे चार महिने तिथे जे फुलते ते एरवी शोधून सापडत नाही. तिथल्या एका इवल्या कंदीलपुष्पाला शास्त्रज्ञांनी २००६ साली नाव दिले ते या डोंगराचेच: सेरोपेजिया अंजनेरिका. आपण दिवाळीत कागदाचे आकाशकंदील टांगतो. हा कंदील मातीतून उगवतो. रोपवेचे वरचे स्थानक, उपाहारगृह, स्वच्छतागृहे, रांगांचे कठडे आणि हजारोंची पायताणे याच वीतभर मातीवर येणार.

“मग म्हाताऱ्याकोताऱ्यांनी दर्शन घेऊच नये काय?” हा प्रश्न खोटा नाही, आणि त्याची थट्टाही करू नये. त्यांच्यासाठी डोली असावी, पायऱ्या नीट असाव्यात, वाटेत सावली आणि पाणी असावे. सप्तशृंगगडावर २०१८ पासून ट्रॉली चालते हे मला ठाऊक आहे. पण तिथे गडावर आधीपासून गाव आहे, बाजार आहे, मोटाररस्ता आहे. अंजनेरीचा माथा मोकळा आहे म्हणूनच तो राखीव केला. आणि खरे सांगायचे तर आपली भक्ती पायांची आहे. पंढरीची वारी पायी, तिसऱ्या श्रावणी सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी पायी. ज्याने एका उड्डाणात समुद्र ओलांडला, त्याच्या भेटीला आपण काचेच्या डब्यात बसून जावे, हे त्या बलभीमाला तरी रुचेल काय?

रोजगाराचे गाजरही दाखवले जाते. पण हिशेब मांडून पाहा. पायी जाणारा माणूस गावात थांबतो, चहा घेतो, भाकरी खातो, वाटाड्या घेतो. पाळण्यातला माणूस गावाच्या डोक्यावरून जातो आणि तिकिटाचे पैसे ठेकेदाराच्या गल्ल्यात पडतात. गावाच्या वाट्याला फार तर झाडूवाल्याची नोकरी आणि वरून पडलेला कचरा!

सिंहस्थ आला की विकासाला उधाण येते. २०२५ च्या अखेरीस साधुग्रामासाठी तपोवनातील झाडांवर संकट आले, तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले. झाड तोडले तर खुंट दिसतो, म्हणून राग येतो. आकाश तोडले तर काहीच दिसत नाही. काही वर्षांनी कडा रिकामा दिसतो, एवढेच. म्हणून राग आत्ताच यायला हवा. ग्रामसभांनी ठराव करावेत, मतदारांनी आमदार-खासदारांना जाब विचारावा आणि सरकारने २०१७ चा आपलाच कागद काढून पुन्हा एकदा वाचावा. रामाला दिलेला शब्द पाळणाऱ्याचे जन्मस्थान म्हणून ज्या डोंगराला आपण हात जोडतो, त्याच्याच बाबतीत तरी शब्द मोडू नये.